काठीभर अलीकडे

फार पूर्वी, बर्फाच्या मुलखातल्या एका गावात एक तरुण राहायचा. त्याच्या पायाला भिंगरी होती. जेवतानाही त्याचा एक डोळा गावामागच्या उंच शिखरावर असे.

त्या शिखरावर चढणाऱ्यांची एक रीत होती. टोकाच्या काठीभर अलीकडे थांबायचं, हात जोडायचे आणि उतरायचं. पणजोबांपासून सगळ्यांनी हेच केलं होतं. का, ते कुणी सांगत नसे.

"म्हणजे टोकावर कुणी गेलंच नाही!" तरुण म्हणायचा. "सगळे भित्रे. मी झेंडा रोवूनच येणार."

"आधी भाकरी तर बसून खा," त्याची थोरली बहीण हसायची.

उन्हाळ्यात दोघं एकाच दोराने एकमेकांना बांधून निघाली. ताई काठी टोचून बघे, मगच पाऊल टाकी. तरुण मागे चुळबुळत होता.

"ताई, गोगलगायसुद्धा पुढे गेली असती!"

"जाऊ दे. तिचं घर पाठीवर असतं. आपलं खाली आहे."

अखेर दोघं धारेवर पोहोचली. दोन्हीकडे खोल उतार, समोर पांढरंशुभ्र टोक. ताईने हात जोडले. "झालं. चल."

"झालं? चारच पावलं राहिलीत! गावात काय सांगू?"

"अरे, काठी टोचून तरी बघ..."

पण त्याला धीर कुठला! झेंडा घेऊन तो पुढे धावला. पायाखालचा बर्फ कडकन तुटला आणि तो डावीकडे कोसळला. त्याच क्षणी त्याचं वजन तोलायला ताईने उजवीकडे उडी टाकली. दोर धारेवर ताणला गेला. दोघं दोन बाजूंना लोंबकळू लागली.

तो घाबरून भराभर वर चढू लागला.

"थांब!" पलीकडून ताई ओरडली. "तू घाई केलीस की मी खाली घसरते. मी 'हं' म्हणेन तेव्हा एकच पाऊल."

तरुण थांबला. जन्मात पहिल्यांदा थांबला. हात गारठले, तरी तो त्या 'हं'ची वाट बघत राहिला.

"हं."

एक पाऊल. पुन्हा वाट.

दोघं धारेवर आली तेव्हा ते टोक उरलंच नव्हतं. वळचणीसारखा बाहेर आलेला नुसता बर्फ होता तो, खाली पोकळी. खडक संपत होता तिथेच वाडवडील थांबत होते.

गावात पोरांनी घेरलं. "दादा, टोकावर गेलास?"

"ताई गेली," तो खाली बसत म्हणाला. "मी टोकाच्या पुढे गेलो."

तात्पर्य: कुठे थांबायचं हे ज्याला कळतं, तोच पोहोचतो.