हिरी मोकळी सुटते

जनावरं मनातलं एकमेकांना सांगत, त्या काळातली गोष्ट. एका माळावर तानूबाई नावाची धनगरीण राहायची. तिची कारवानी जातीची शिकारी कुत्री हिरी लांब पायांची, बारीक कमरेची आणि पळायला वाऱ्यासारखी. तरी तानूबाई तिला दोरीला धरूनच फिरवायची.

"गावातली सगळी कुत्री मोकळी हिंडतात," हिरी म्हाताऱ्या शेळीजवळ कुरकुरली. "मीच काय पाप केलंय?"

"त्यांना तुझ्यासारखं पळता कुठं येतं?" शेळी म्हणाली. "ससा दिसला की तुला ना हाक ऐकू येते, ना समोरचा खड्डा दिसतो."

उन्हाळाभर तानूबाईनं तिला दगडी कुंपणाच्या कुरणात सोडलं. हिरी पळाली की ती शीळ घालायची आणि हिरी वळली की लोणी लावलेला भाकरीचा तुकडा भरवायची. आधी हिरी दहा हाकांना एकदा वळायची. हळूहळू दर वेळी वळू लागली.

मग एका सकाळी तानूबाईनं तिला उघड्या माळावर सोडलं. तेवढ्यात झुडपातून ससा उठला आणि थेट माळाच्या टोकाला असलेल्या खोल कड्याकडे धावला. हिरी त्याच्यामागे सुटली.

"गेली गं पोर!" शेळी ओरडली.

तानूबाईनं शीळ घातली. हिरीची नजर सशावरून हटेना, पण पाय थबकले. माती उडवत तिनं गिरकी घेतली आणि तितक्याच वेगानं परत आली.

"गुणाची माझी बाय!" तानूबाईनं तिला कवटाळलं. "जा, आता सगळा माळ तुझा!"

हिरी अशी उधळली, की मेंढरंसुद्धा चरायची थांबून बघत राहिली.