म्हशीला ढोली दाखवणारा राघू

लय जुनी गोष्ट. तेव्हा जंगलात कुणाला काय पाहिजे असलं, की तो चौकातल्या राघूला विचारायचा. राघू ज्याचे पेरू खायचा, त्याच्याकडंच पाठवायचा.

सुतारपक्ष्यानं ढोल्या कोरल्या होत्या. राहणाऱ्यानं भाडं म्हणून त्याच्या पिल्लांना किडे आणायचे. राघू म्हणाला, "कुणी 'घर' विचारलं की तुझ्याकडं पाठवीन. दर गिऱ्हाइकाला पाच पेरू. कमी जमणार नाही."

पहिल्यांदा म्हैस आली. ढोलीत नाक खुपसून हसली आणि गेली. मग कोल्हा, तोही हसून गेला. दहा पेरू खलास, दोनच उरले. पिल्लं उपाशी.

सुतार भडकला. "भामट्या, ढोलीत म्हैस मावते का रे?"

"मी फक्त पाठवतो, सुतारभाऊ. मावायचं काम म्हशीचं."

सुताराची चोच शिवशिवत होती. तरी त्यानं राग गिळून विचारलं, "आणि कुणी 'पिंगळ्यापुरती ढोली' विचारली तर?"

"असलं येडं कोण विचारतंय? दे अर्धा पेरू."

दुसऱ्याच दिवशी एक पिंगळा आला आणि राहिला. मग त्याची मावशी आली, तीही राहिली. राघूनं लगेच भाव पाच केला.

"घाल चुलीत तुझा भाव," सुतार म्हणाला. ढोली कुठं मिळंल, ते पिंगळे आता मावशीलाच विचारत होते.