धारिणीचा आक्षेप

एकदा एक वृद्ध आचार्य सकाळच्या उन्हात विळीवर नारळ खोवत बसले होते. दिवस अगदी साधा होता. चुलीवर भात रटरटत होता, त्यांची शिष्या कुवलया ओटीवर ताडपत्रे पुसून उन्हात मांडत होती, आणि मिठागराकडचा नावाडी कुंपणापलीकडूनच हाका मारत येत होता.

"आचार्य, आहात ना घरात?"

"नसतो तर नारळ कोण खोवतंय? ये."

नावाडी आत आला, पण बसला नाही. डोक्याचे फडके काढून त्याने हातात धरले. "दक्षिण टोकावरून येतोय. धारिणी गेल्या. परवा पहाटे, झोपेतच."

आचार्यांचा हात थांबला नाही. ते वाटी खोवतच राहिले. पांढरे खोबरे संपले, करवंटीचा तपकिरी चुरा परातीत पडू लागला, तेव्हा कुवलयाने त्यांच्या हातातून ती वाटी हळूच काढून घेतली.

"रात्री काही खाल्लं होतं का तिने?" आचार्यांनी विचारले.

"पेज घेतली म्हणतात."

"मीठ जास्त घातलं असेल," आचार्य म्हणाले. "नेहमीच घालते."

आता हे आचार्य कोण, आणि धारिणी कोण, हे सांगायला हवे. त्यासाठी आधी त्या बेटाची ओळख करून घेऊ.

भर समुद्रात, कोणत्याही व्यापारी मार्गापासून दूर, विद्याधरांचे एक बेट होते. विद्याधर आपल्यासारखेच, पण उंचीने आपल्या खांद्यापर्यंत भरतील इतकेच. कान पिंपळपानासारखे टोकदार, आणि आयुष्य तीनतीनशे वर्षांचे. एवढ्या लांब आयुष्याचे करायचे काय, हा प्रश्न त्यांच्या पूर्वजांना पडला असावा, आणि त्यांनी त्याचे उत्तर अभ्यास असे दिले असावे. बेटावर राजा नव्हता, सैन्य नव्हते. होती ती एक ग्रंथगुहा. कोरड्या खडकात खोल कोरलेल्या त्या गुहेत ज्याचा ग्रंथ ठेवला जाई, त्याचे आयुष्य सार्थकी लागले असे समजत.

परंतु गुहेत ग्रंथ नेणे सोपे नव्हते. प्रत्येक विद्वानाला तरुणपणीच सभा एक प्रश्न नेमून देई, आणि प्रश्नासोबत एक प्रतिवादी. तुम्ही जे लिहाल ते खोडून काढणे हे त्या प्रतिवाद्याचे जन्मभराचे काम. दोघांनी सभेत समोरासमोर पाटांवर बसायचे, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. आक्षेप कधीही लिहून द्यायचा नाही. तो तोंडानेच घ्यायचा, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून. प्रतिवादी ज्या दिवशी म्हणेल, "आता माझे काही म्हणणे नाही," त्या दिवशी ग्रंथ गुहेत जाई.

आचार्य वसुमित्रांना नेमून दिलेला प्रश्न होता, आपले पूर्वज या बेटावर कसे आले? त्यांचे मत असे, की पूर्वज मोठे पंडित होते आणि उत्तरेकडून मोठमोठ्या नौकांमधून ग्रंथ घेऊन आले. उत्तरेच्या खाडीत त्या नौकांचे पाच दगडी नांगर अजून पडलेले होते, हा त्यांचा मुख्य पुरावा. धारिणी त्यांची प्रतिवादी. ती म्हणे, "पंडित कसले? वादळात भरकटलेले कोळी होते. अक्षरसुद्धा ठाऊक नव्हतं. इथे येऊन कंटाळले, म्हणून शिकले." हा वाद शंभरावर वर्षे चालला होता.

आणि प्रतिवादी मध्येच वारला तर? तर वाद संपला असे मानून ग्रंथ आपोआप गुहेत जाई. बेटावरची तरुण मंडळी थट्टेने म्हणत, अमक्याचा ग्रंथ जिंकला नाही, नुसता जास्त जगला.

कुवलयाला बातमी ऐकून वाईट वाटले. धारिणीच्या घरची खारट पेज तिनेही अनेकदा खाल्ली होती. पण ताडपत्रे गोळा करताना तिच्या मनात दुसरा विचार आला, आणि तो तिला परतवता आला नाही. गुरूचा ग्रंथ गुहेत गेल्याशिवाय शिष्याला स्वतःचा प्रश्न मिळत नसे. तिच्याबरोबरीचे सगळे केव्हाच आपापल्या पाटांवर बसले होते. ती मात्र अजून दुसऱ्याची पाने पुसत होती. आता अडवणार कोण?

सभेच्या दिवशी वाटेत तिला भेटणारा जो तो तेच म्हणाला. तिची जुनी सोबतीण तर कानाशी लागून म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची. आज ग्रंथ आत, उद्या तुला प्रश्न. मला वाटलं होतं, तुझे कान पिकून गळून पडतील तोवर."

"हळू बोल," कुवलया म्हणाली. पण तिने नवे वस्त्र नेसले होते.

सभागृह शिंपल्यांच्या चुन्याने लिंपलेले, गोल होते. मध्ये दोन पाट. रीतीप्रमाणे धारिणीचा पाट पालथा घातला होता. सभेच्या मुख्य फार वृद्ध होत्या आणि त्यांना कमी ऐकू येत असे. त्या कानामागे तळवा धरून वाट पाहत होत्या.

वसुमित्र आत आले. स्वतःच्या पाटाकडे बोट करून ते कुवलयाला म्हणाले, "तू बस तिथे."

"मी? आचार्य, तो तुमचा पाट."

"बस म्हटलं ना."

ती बसली. मग आचार्य वाकले, धारिणीचा पालथा पाट त्यांनी उचलला, उपरण्याने पुसला, सरळ केला, आणि त्यावर कुवलयासमोर मांडी घालून बसले. गुडघ्याला गुडघा लागला.

सभेत कुजबुज झाली. मुख्य म्हणाल्या, "वसुमित्रा, चुकलास. ती बाजू धारिणीची."

"ठाऊक आहे. मी तिच्याच बाजूने बसलोय."

"अरे, ती गेली!"

"ती गेली. तिचा आक्षेप राहिलाय."

मागून एकजण म्हणाला, "स्वतःच्याच ग्रंथावर आक्षेप? नियमात बसत नाही हे."

"बसू नये असं नियमात कुठे आहे, दाखव," आचार्य म्हणाले.

"असं कुणी करील असं कुणाच्या डोक्यातच आलं नसेल, म्हणून नाही लिहिलं!"

सभा हसली. मुख्यांनी काय झाले ते शेजारणीकडून पुन्हा सांगून घेतले, आणि हात हलवून म्हणाल्या, "बोलू दे त्याला."

वसुमित्रांनी घसा साफ केला. ते बोलू लागले तेव्हा कुवलयाच्या अंगावर काटा आला, कारण ते धारिणीच्याच ढंगात बोलत होते, हनुवटी वर करून, मध्येच मांडीवर थाप मारत. "अरे शहाण्या, तुझे ते पाच नांगर. दोर बांधायला त्यांना भोकं आहेत, बरोबर? मोठी नौका वर्षानुवर्षं ओढत असली तर दोराने दगडाची कड झिजते, गुळगुळीत होते. तुझ्या नांगरांची कड गुळगुळीत आहे का धारदार? कधी बोट फिरवून पाहिलंस? धारदार असेल तर ते नांगर कुणी कधी वापरलेलेच नाहीत. मागाहून कुणीतरी पूर्वजांचं कौतुक म्हणून घडवून ठेवलेत. सांग."

कुवलयाला आठवले. मागच्या भेटीत आचार्य आणि ती निघत असताना, आपल्या पायरीवर उभी राहून धारिणी हेच म्हणाली होती: "बोट फिरवून बघ आणि पुढच्या खेपेला सांग." कुवलया तेव्हा चपला शोधत होती. तिला ते म्हातारीचे निरोपाचे टोमणे वाटले होते. खाडी तर आचार्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण आचार्यही गेले नाहीत, आणि तिनेही आठवण केली नाही. जो पुरावा रोज पानापानांतून वाचायचा, तो उठून हाताने चाचपावा असे त्या घरात कुणाला सुचलेच नव्हते.

सगळी सभा तिच्याकडे पाहत होती. कुणाच्याही मनात वैर नव्हते. उलट सर्वांना भूक लागली होती, आणि तिने पटकन सुटावे अशीच सगळ्यांची इच्छा होती. "गुळगुळीत आहे" एवढे दोन शब्द पुरे होते. खाडीपर्यंत जाऊन कुणी पाहणार नव्हते. ते दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही. तिने समोर पाहिले. आचार्यांचे डोळे तिच्यावर होते. त्यांत सूचना नव्हती, विनंती नव्हती. उत्तर काय येते याची फक्त उत्सुकता होती.

"माहीत नाही," कुवलया म्हणाली. "आम्ही पाहिलं नाही."

ग्रंथ पुन्हा कापडात बांधला गेला.

परतीच्या वाटेवर ती झपाझप पुढे चालत होती. मग एकदम थांबून म्हणाली, "तुम्हाला ग्रंथ आत जाऊ द्यायचाच नव्हता, तर मला कशाला बसवलंत तिथे? माझी एवढी वर्षं, आचार्य. तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं. म्हणून रात्रभर जागा होतो." ते वाटेकडेच्या दगडावर बसले. "माझ्या ग्रंथाची स्तुती करणारे पुष्कळ आहेत या बेटावर. त्यांनी तो दोन पानं वाचलाय. धारिणीने दर वेळी शेवटपर्यंत वाचला, चुका काढायला का होईना. मी एक ओळ लिहायचो आणि मनात म्हणायचो, यावर ती आता काय म्हणेल. शंभर वर्षं मी एकटा कधी लिहिलंच नाही. याला तुम्ही तरुण काय म्हणता मला ठाऊक नाही, मी वाद म्हणत होतो. नियम सांगतो की प्रतिवादी गेला की वाद संपला. पण गेलेल्या माणसाचं बोलणं थांबतं, म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. ती बोलू शकत नाही हे माझं उत्तर आहे, असं मी कसं म्हणू?"

"मग तुम्हीच बसायचं होतं तुमच्या पाटावर."

"मी बसलो असतो तर काहीतरी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं देता येतात, तीच तर माझी खोड. 'माहीत नाही' एवढं मला कधी जमलं नाही, तिच्यासमोर तर मुळीच नाही. तू म्हणालीस." ते तिच्याकडे वळले. "तुला प्रश्न हवा होता ना? सभा प्रश्न वाटू लागली ती अलीकडे, माझ्या पणज्याच्या काळी. त्याआधी जो भर सभेत सगळ्यांसमोर 'माहीत नाही' म्हणे, प्रश्न त्याचा होई. मी इतिहास लिहिणारा माणूस, हे मला ठाऊक आहे. मुख्यांनाही ठाऊक आहे. उठताना त्या तुझ्याकडे बघून हसल्या, ते तू पाहिलं नाहीस."

कुवलयाचा राग पुरता गेला नव्हता, पण त्याच्या आत दुसरेच काहीतरी हलू लागले होते. ते काय, हे तिला चालता चालता कळले. ती कड खरेच कशी असेल, हे तिला आत्ताच्या आत्ता पाहायचे होते.

खाडीवर पोहोचले तेव्हा ओहोटी लागली होती. पाचही नांगर चिखलात अर्धे रुतून उघडे पडले होते, शेवाळाने हिरवे. कुवलयाने नवे वस्त्र गुडघ्यापर्यंत खोचले आणि ती चिखलात उतरली. पहिल्या नांगराच्या भोकात तिने बोट घातले आणि सावकाश फिरवले. मग दुसऱ्याच्या. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

चार नांगरांच्या कडा सुरीसारख्या धारदार होत्या. पाचव्याची एक बाजू खोल झिजलेली होती, हाताच्या तळव्यासारखी गुळगुळीत.

म्हणजे कोण बरोबर? कुणीतरी एक नौका खरोखर आली होती. आणि कुणीतरी, मागाहून, तिच्या नांगराला सोबत म्हणून आणखी चार नांगर घडवले होते. कोणी? आणि त्यांना एकच पुरेसा का वाटला नसेल? तिच्या डोळ्यांपुढे प्रश्नामागून प्रश्न उभे राहिले. ती वळली आणि आनंदाने ओरडली, "आचार्य, ऐका, इथे तर—"

काठावर उभ्या आचार्यांनी तळहात वर केला.

"आज नको."

"पण उत्तर आहे इथे! तुमचंही, त्यांचंही."

"असेल. मी अजून तिच्या पाटावर बसलोय, कुवलये. उत्तर ऐकायला मला माझ्या जागेवर परत यावं लागेल. ते अजून जमत नाही."

ती तिथेच उभी राहिली, हात चिखलाने भरलेले. मग तिने मान हलवली. तिने हात धुतले, ती काठावर आली आणि त्यांच्याबरोबर घरी गेली. त्या दिवशी पेजेत मीठ जास्त झाले. कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या सभेत जुन्या रीतीने कुवलयाला तिचा प्रश्न आणि पाट मिळाला, आणि समोर बसायला एक भांडखोर तरुण प्रतिवादीही. ग्रंथ अजून घरीच आहे, कापडात बांधलेला. ओहोटीच्या वेळी वसुमित्र कधी कधी खाडीपर्यंत फिरून येतात. पाचव्या नांगराच्या भोकातून त्यांनी अजून बोट फिरवलेले नाही.