हाकेचं वजन

"हाक तोलून दाखव! भर दरबारात, तागडीत घालून! नाही जमलं तर उद्यापासून सगळे हाकारे बंद!"

कावळेगडचा राजा जैतपाळ बायजावर गरजला. बायजा कोल्हेटेंबीवरची हाकारीण. खोऱ्यात कुणी आजारी पडलं की टेकडीवरचा हाकाऱ्या ते दुखणं ओरडून सांगायचा, पुढच्या टेकडीवरचा झेलून पुढं फेकायचा, आणि असं करत ते गडावर वैद्य धोंडभटांच्या कानी जायचं. वैद्यांचा उपाय त्याच वाटेनं खाली यायचा. यात लाज काही राहायची नाही; कुणाला मूळव्याध झाली ते सबंध खोऱ्याला ठाऊक! पण माणसं बरी व्हायची. बायजाच्या दमेकरी बापाचा श्वास तर या हाकांवरच चालला होता. गड चढणं त्याला या जन्मी जमणार नव्हतं.

काडी टाकली होती कारभारी नरसोपंतांनी. "महाराज, हाकाऱ्यांना फुकट नाचणी जाते. नाडी न धरता कसला उपचार? ओरडण्यानं माणूस बरा होतो, याला पुरावा काय? त्यापेक्षा रोग्यांनी गडावर यावं. वैद्य इथंच आहेत. खर्च शून्य!"

खर्च शून्य म्हणे! पंतांनी जन्मात रोगी उचलला नव्हता. रोग्याचं सोडा, स्वतःची पगडीसुद्धा दुसऱ्याकडून उचलून घ्यायचे.

बायजानं पदर खोचला. "तोलते, महाराज. पण तागडीला पारडी दोन. एकात तुमची नाचणी पडलीच आहे. दुसऱ्यात काय पडतं ते हाक थांबल्याशिवाय दिसायचं नाही. एक दिवस हाका बंद ठेवा. ज्याला दुखेल त्यानं गडावर यावं, अशी दवंडी पिटा. फक्त तुमच्या आजोबांचा रिवाज पाळा."

"कावळेगडचा राजा रिवाज मोडत नाही!" जैतपाळानं मिशीला पीळ दिला. कोणता रिवाज, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

रिवाज असा, की गड चढून आलेल्या रोग्याला आणि त्याच्या सोबत्यांना राजाघरचं जेवण. ते जेवल्याशिवाय राजानं घास घ्यायचा नाही. आणि रांग संपेतो वैद्यानं जागा सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गडाचा दरवाजा कोंदला. डोलीत रोगी, डोलीला भोई, मागं बायको, बायकोवर लक्ष ठेवायला सासू, आणि घरी धार काढायला कुणी नाही म्हणून शेळीसुद्धा! कुणाला पडसं, कुणाला गळू, कुणाला नुसतीच गड बघायची हौस.

सटवाजी म्हातारा वैद्यांपुढं बसला. "बुवा, काल एक गुडघा जरासा कुरकुरत होता. तुमचा गड चढलो, आता दोन्ही बोंबलतात!"

"एरंडेल चोळा, विटेनं शेका."

"हे तर तुम्ही मागंच ओरडून सांगितलं होतं!"

"मग नवीन कुठून आणू?" वैद्य खेकसले. "पुढचा!"

पंतांना एक हात मोडलेली पोर दिसली आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांनी अंगणात उभ्या बायजाला गाठलं. "हिला बरं केलं असतं का गं तुझ्या हाकेनं?"

"नसतं केलं. हाड हाकेनं बसत नाही, हिला आणावंच लागतं. पण आधी हाक आली असती तर वैद्यबुवा फळ्या घेऊन वाट बघत बसले असते. आता पोर कळवळतेय आणि तिच्यापुढं सगळे शिंकणारे!"

वैद्यांनी ते ऐकलं आणि पोरीला पुढं घेतलं.

"आणि तुझा बाप कुठाय?" पंत सोडेनात. "आला नाही, म्हणजे ठणठणीत दिसतोय!"

"निघाला असता तर पहिल्याच चढाला संपला असता. न पोचलेल्यांना बऱ्यांत धरता होय, पंत? वा रे हिशेब!"

पंत पगडी सावरत मागं सरले.

पंक्तीवर पंक्ती उठत होत्या आणि महाराज उपाशी. उन्हं कलली तेव्हा कुठं मुदपाकखान्यातून उरलीसुरली वालाची उसळ मिळाली. राजानं ती चावलीच नाही, नुसती ढोसली. घटकाभरात पोटाचा नगारा झाला!

"वैद्यांना बोलवा!"

सेवक धावला आणि डोली-शेळीच्या मध्ये अडकून पडला. पलीकडून वैद्य ओरडले, "रांग संपेतो हलता येत नाही! थोरल्या महाराजांचा रिवाज!"

राजा पोट धरून सज्जात आला. "धोंडभट! पोट फुगलंय! कळ मारतेय!" पण तो राजाचा गळा, हुकूम करण्यापुरता. अंगणाच्या मध्यापर्यंत पोचला आणि विरला.

मध्यावर उभी होती बायजा. कानावर दुखणं पडलं की हाकारणीचा गळा आपोआप उघडतो. बंदी-बिंदी त्या क्षणी कुठली आठवायला!

"महाराजांचं पोट फुगलंय होऽऽऽ! वारा सरत नाही होऽऽऽ!"

वाऱ्याचं महाराज बोलले नव्हते. पण अर्धं दुखणं ऐकून उरलेलं ओळखायची तिला सवय होती.

"ओवा नि काळं मीठ, गरम पाण्यातून होऽऽऽ!" पलीकडून वैद्य.

बायजानं गर्रकन वळून ते सज्जाकडं भिरकावलं. राजानं प्याला रिकामा केला, चार येरझाऱ्या घातल्या, आणि मग जे झालं ते ऐकायला गडावर कुणालाच हाकारणीची गरज पडली नाही.

बायजा दरबारातली तागडी घेऊन सज्जाखाली आली.

"महाराज, नाडी न धरता बरं वाटलं?"

"वाटलं," राजा ओशाळून म्हणाला.

"आणि कळ ऐन भरात होती, तेव्हा हाक पोचावी म्हणून काय दिलं असतंत?"

"अर्धं राज्य!" राजा बोलून गेला.

"घाला मग पारड्यात! पलीकडं पंतांची नाचणी ठेवा, आणि काटा कुठं झुकतो ते पंतांनाच वाचू द्या!"

राजा इतका हसला की पोट पुन्हा दुखायला लागलं. "राज्य राहू दे बाई, दुसरं काहीही माग!"

"बापाच्या दारातच हाकेची चौकी द्या. टेकडीपर्यंत धावायचं वाचेल."

"दिली! वर चांदीचे तोडे, आणि प्रत्येक हाकाऱ्याला नवी घोंगडी! आणि पंत, गड चढायचा खर्च शून्य म्हणालात ना? आता उतरायचाही बघा. सटवाजीबुवांना पाठीवर घ्या आणि घरी पोचवा!"

पंत निघाले. अर्धा गड उतरले असतील नसतील, तोच खालून खणखणीत हाक आली. पाठीवरून सटवाजीच ओरडत होता:

"पंतांची कंबर धरली होऽऽऽ! वैद्यबुवा, उपाय कळवा होऽऽऽ!"