भुसेसाहेबांचा भरवसा

निवृत्त ग्रंथपाल कुमुदताई ढवण यांनी आठ वर्षं खपून कॉम्प्युटरवर जमवलेल्या जात्यावरच्या निम्म्या ओव्या व्हायरसने गिळल्या, तेव्हा त्या अँटिव्हायरस घ्यायला बार्शीतल्या बड्या दुकानात गेल्या.

"बाई, तुम्हाला यातलं काय कळणार?" मालक भुसेसाहेब गुरगुरले. "हे सगळ्यात महागडं घ्या. माझ्या कॉम्प्युटरवरही हेच आहे. व्हायरसचा बापसुद्धा आत शिरणार नाही!"

ताईंनी पर्समधून कोरा पेनड्राइव्ह काढला आणि ठोकून दिलं, "यात व्हायरस शिगोशीग भरलाय. तुमच्या कॉम्प्युटरला लावून दाखवा, लगेच घेते."

विंचू दिसावा तसा साहेबांनी हात मागे घेतला. "छे छे! माझं सगळं काम त्यात आहे."

"मग साहेब, ज्या कुत्र्यावर मालकाचाच भरवसा नाही, ते मी राखणीला कशाला नेऊ?"

साहेबांनी खुर्ची पुढे केली. "बसा ताई. तुमच्या कॉम्प्युटरवर काय काय आहे, ते आधी सांगा."