थोरल्याचा तोबरा

एका राज्यात, जिथे साळुंक्या बोलत आणि प्रधान गप्प बसत, दोन राजपुत्र होते. थोरला वज्रबाहू ताडमाड, धाकटा पुष्पकेतू बुटका. थोरल्याला कारभारातून लग्नाला सवड मिळाली नव्हती. धाकट्याची राणी चंद्रावळ. रूपाने देखणी, हाताने कामसू. पण दुसऱ्याच्या पानात काय वाढलंय ते पाहिल्यावाचून तिला आपला घास गिळवत नसे. नवराही त्याच वळणाचा, त्यामुळे संसार गोडीगुलाबीने चालला होता.

एके दिवशी मांत्रिक विकटनाथ दरबारात आला. त्याने दोघा भावांना मोत्यांचे कंठे दिले, ज्याच्या त्याच्या गळ्याच्या मापाने. झालं! धाकट्याने दोन्ही कंठे शेजारी धरून पाहिले, आपला आखूड म्हणून तोडून फेकला, आणि थोरल्याने भर दरबारात त्याच्यावर हात उगारला. सगळीकडे मोती घरंगळले. विकटनाथाच्या भुवया चढल्या.

"मापाने दिलेलं सोसत नाही? मग मापानेच राहा. दोघे एका पागेत, एकमेकांसमोर खाल. वेगळे बांधले तर दगड व्हाल. ज्या दिवशी त्या पागेत हेवा उरणार नाही, त्या दिवशी सुटाल."

असं म्हणून त्याने चिमूटभर राख फुंकली. थोरल्याच्या जागी उंचापुरा तांबडा घोडा उभा राहिला, आणि धाकट्याच्या जागी त्याच्या पोटाखालून सहज निघून जाईल एवढं तट्टू. वाचा मात्र दोघांची शाबूत होती.

राजा म्हातारा, सीमा लांब घाटात, आणि तिथल्या चढणीला टिकेल असा दुसरा घोडा पागेत नव्हता. पोटच्या पोराच्या पाठीवर बसायचं म्हणजे राजाच्या जिवावर येई. पण थोरलाच म्हणाला, बसा आबासाहेब, राज्य कुणी राखायचं? तेव्हापासून तो सकाळी जाई, घामाने निथळत परते. तट्टू दिवसभर सावलीत उभं राहून माश्या वारी.

दोघांना खायलाही तसंच मिळे. मोतद्दार थोरल्याच्या तोंडाला भिजवलेल्या हरभऱ्याचा भरगच्च तोबरा बांधी, वर लसूणघासाची पेंढी. तट्टासमोर वाळलेलं गवत आणि नावाला मूठभर दाणे. चंद्रावळ रोज दाराशी उभी राहून हे पाही आणि तिच्या अंगाचा तिळपापड होई. तिकडे थोरला कराकरा हरभरा चावी, आणि इकडे तो आवाज हिच्या काळजात रुते. माणूस असतानाही ह्यांना कमी, जनावर झाले तरी कमीच?

ती राजाकडे गेली. मला सून म्हणून आणलीत की मोलकरीण म्हणून, इथपासून तिने सुरुवात केली. कटकट नको म्हणून राजाने हुकूम सोडला, दोघांना एकच माप. वाहवा रे न्याय!

तट्टाची चंगळ झाली. पाठ पराती एवढी रुंद झाली, मानेवर चरबीची वळी चढली. चंद्रावळ त्यावरून हात फिरवी आणि म्हणे, आता कसे राजबिंडे दिसता. मग एका सकाळी तट्टाला पाऊल टाकवेना. पुढचे खूर तव्यासारखे तापले होते, आणि ते बिचारं टाचांवर भार देऊन मागे रेलून कण्हत होतं.

पागेच्या आढ्यावर एक साळुंकी राही, राजाच्या आज्यापेक्षा वयाने मोठी. ती म्हणाली, "बाई, लाडाने मारतेस त्याला. बसून खाल्लेला हरभरा खुरांत उतरलाय. तीन कामं कर. हडळीच्या माळावरचं वाळलं गवत आण, पाण्यात भिजवून तेवढंच त्याला घाल. नागाच्या डोहातला गार चिखल आणून खुरांना लाव. आणि थोरल्याचा तोबरा तू स्वतः काठोकाठ भर, जीव जळू न देता."

तिसरं काम ऐकून चंद्रावळ हसली. एवढंच ना, म्हणाली. एवढंच म्हणे!

हडळीने गवताच्या बदल्यात तिची गुडघ्यापर्यंतची वेणी मागितली. चंद्रावळीने कापून दिली. नागाने चिखलाच्या बदल्यात लग्नातली अंगठी मागितली. तीही तिने काढून दिली. तट्टाचे खूर निवू लागले. मग तिने थोरल्याचा तोबरा हाती घेतला, हरभरा भरला आणि शेवटच्या मुठीशी तिचा हात अडला. केस दिले, सोनं दिलं, पण मूठभर हरभरा देववेना. ती मूठ तिने पदराआड टाकली आणि तोबरा बांधला.

थोरल्याला कळलं, पण तो बोलला नाही. असं रोज होऊ लागलं. शेवटी एका दुपारी थोरला घाटात गुडघ्यांवर कोसळला, राजा कड्यावरून जाता जाता वाचला, आणि दोघे रक्ताळलेले, पायी परत आले.

चंद्रावळीच्या तोंडचं पाणी पळालं. ती तट्टाच्या गळ्यात पडून म्हणाली, तुमचा हेवा सरत नाही म्हणून हे भोग. तट्टाने गवत चघळणं थांबवलं.

"माझा खूर पेटले त्या दिवशीच सरला, चंद्रा. मला तो हरभरा नुसता दिसला तरी कापरं भरतं."

मग उरला कुणाचा? चंद्रावळ थोरल्यासमोर जाऊन बसली. लपवायला आता जागा नव्हती. ती थोरल्याला म्हणाली, "भावोजी, माझा जीव जळतो. तुमचं सगळं मोठं, ह्यांचं सगळं लहान, आणि मी लहानाची बायको. तुमच्या तोंडची मूठ मी रोज काढली."

थोरल्याने मान तिच्याकडे वळवली.

"माझाही जळतो," तो म्हणाला. "माझा तोबरा हुकुमाने भरतो. धाकट्यासाठी कुणीतरी वेणी कापून येतं. भरल्या तोबऱ्यात तोंड घालून मी रोज तुम्हा दोघांकडे पाहतो, आणि घास कडू होतो."

चंद्रावळ उठली. ती पाणी घेऊन आली. तिने त्याचे गुडघे धुतले, चिखलाचा लेप लावला. तोबरा भरला आणि ह्या वेळी बांधून निघून गेली नाही. दोन्ही हातांनी तो धरून ती त्याच्यापाशी उभी राहिली, कपाळ खाजवत, घाटात कुठे ठेच लागली ते विचारत. तोबरा काठोकाठ होता की नाही हे पाहायचं ती विसरलीच. तट्टू शेजारी मुकाट्याने गवत खात होतं.

थोरल्याने शेवटचा दाणा चावला, तेव्हा तिच्या हातांत रिकामी पिशवी होती आणि समोर माणूस उभा होता. तिने गर्रकन मागे पाहिलं. पुष्पकेतू दावणीला धरून उठत होता, ओठांना गवताची काडी चिकटलेली.

राजाने थोरल्याला गादीवर बसवलं, धाकट्याला पागेचा मुखत्यार केलं, आणि राज्याची घडी बसली. पुष्पकेतू मात्र जन्मभर दोन्ही पायांनी जपून, टाचांवर चालला. लोक विचारत, राजे, हे काय झालं? तो म्हणे, घोड्यावरून पडलो. चंद्रावळ तेव्हा मान खाली घाली आणि चालताना त्याला आपला खांदा देई.