पारजाईची पहिली बारी

हा पाट बघा. कोळदरच्या बंधाऱ्यापासून निघतो, आमच्या आंबेटेकवरून येतो, खिरवडची शेतं भिजवतो आणि खरं तर तिथंच संपायला पाहिजे. पण तो संपत नाही. पुढं या माळावर येतो. इथं घर नाही, शेत नाही, नुसतं गवत आणि जुन्या जोत्यांचे दगड. हंगामातली पाण्याची पहिली बारी, म्हणजे पहिली पाळी, आम्ही या माळाला देतो. आमची पिकं तोवर थांबतात. तुमच्यासारखी माणसं खोऱ्याच्या पाण्याचा आराखडा करायला येतात आणि विचारतात, बाबा, एवढं पाणी वाया का घालवता? विचारणं बरोबर आहे. बसा, त्या बाभळीखाली सावली आहे. मला वाचता येत नाही, ऐकलं तसं सांगतो.

इथं पारजाई नावाचं गाव होतं म्हणे. गुंजई नदीवर तेव्हा चार गावं, एका बंधाऱ्यावर आणि या एकाच पाटावर जगणारी. पावसाळा सरला की चारी गावचे पाटील बंधाऱ्यावर बसत. नदीत पाणी किती राहिलंय ते बघत आणि कोणी किती रान पेरायचं, किती पडीक ठेवायचं ते ठरवत. पाणी कमी असलं तर चारी गावं सारखंच रान पडीक ठेवत. कुरबुर व्हायची, नाही असं नाही. कोळदरवाल्यांना बाकीचे म्हणत, तुम्ही आधी म्हशी धुता आणि मग आम्हाला पाणी धाडता. पण बैठक मोडून कोणी उठलं नाही, असं सांगतात.

एका वर्षी पाऊस मधूनच गेला. नदी लवकर उतरली. त्याच सुमाराला आंबेटेकच्या हैबती पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं. कोळदरचा पाटील आला, खिरवडचा आला. पारजाईचं मात्र कोणीच आलं नाही. ते सगळं गाव एका भावकीचं, त्यामुळं एक म्हातारा गेला आणि अख्ख्या गावाला सुतक लागलं. हैबतीची सख्खी बहीण साळूबाई पारजाईला दिलेली. आत्या असून तिलाही भाचीच्या अक्षता टाकता आल्या नाहीत.

पंगती उठल्या, पानसुपारी झाली. खिरवडचा पाटील म्हणाला, "आपण तिघं बसलोच आहोत, तर पाण्याचंही उरकून टाकू."

"पारजाई राहिली की," हैबती म्हणाला.

"त्यांच्या घरात माणूस गेलंय," कोळदरचा म्हणाला. "त्यांच्या दारात जाऊन पाण्याचं काय बोलायचं? बरं दिसतं का ते? आणि सुतकात तिफण कोण धरतंय? सुतक फिटेपर्यंत रानातली ओल उडालेली असेल. यंदा ते पेरायचे नाहीत."

हैबतीला ते पटलं. कोणाचं वाईट करायचं कोणाच्या मनात नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना वाटलं, आपण रीत पाळतोय, दुःखातल्या माणसांना त्रास देत नाही. चार वाट्यांचे तीन वाटे झाले. त्या वर्षी तिघांनीही एक वावरसुद्धा पडीक ठेवलं नाही.

इकडं सुतक फिटलं तशी पारजाईनं पेरणी केली. जमिनीत होती त्या ओलीवर हरभरा उगवून आला. लोक पाटाकडं बघत राहिले. पाटात पाणी येईना. शेवटी साळूबाई पाट धरून वर चालत निघाली, ती थेट आंबेटेकला भावाच्या बांधावर येऊन उभी राहिली. त्याचा गहू हिरवागार होता.

ती म्हणाली, "लग्नाला आले नाही म्हणून पानावरूनही उठवलंस का रे दादा?"

"अगं, तुम्ही सुतकात. म्हटलं, यंदा पेरणार नाही तुम्ही."

"सुतकात माणूस गोड खात नाही, दादा. उपाशी राहत नाही."

"घरात माणूस गेलेलं, आणि मी दारात येऊन पाण्याचं कसं बोलू?"

"दारात उभं राहून बोलायचं. आम्ही रडत होतो, बहिरे झालो नव्हतो."

हैबतीनं बाकीच्या दोघांची मनधरणी करून एक बारी मागून घेतली, स्वतःचा गहू कोरडा ठेवला, पाणी पारजाईकडं सोडलं आणि त्या पाण्याबरोबर चालत निघाला. पण खिरवडच्या खाली पाट त्या वर्षी भिजलाच नव्हता. त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. ओल्या पाटात पाणी धावतं, कोरड्यात मुरतं. पाचोळा ढकलत ते पाणी हळूहळू खाली आलं, बारीक होत गेलं आणि पारजाईच्या शिवेवर येऊन थांबलं. बायका घागरी घेऊन उभ्या होत्या म्हणे. साळूबाईनं ओल्या मातीला हात लावला, तो डोळ्यांना लावला.

उन्हं तापायच्या आत पारजाई उठली. गाड्या जुंपल्या, देव टोपलीत घेतले आणि माणसं उगवतीकडं गेली. साळूबाईनं शाप दिला असं कोळदरला सांगतात. आमच्याकडं तसं सांगत नाहीत. ती भावाच्या दारावरून गेली, आत आली नाही. भाचीसाठी घेऊन ठेवलेला हिरवा चुडा तेवढा उंबऱ्यावर ठेवला. माझा आजा म्हणायचा, शाप दिला असता तर फेडता तरी आला असता.

पुढच्या वर्षी नदी दुथडी भरली. हैबतीनं सगळ्यांच्या आधी पारजाईला पाणी सोडलं. रिकाम्या रानात गळून पडलेला हरभरा होता, तो कोणी न पेरता उगवला आणि असा आला म्हणे की झाडं घाट्यांनी वाकली. तो कोणी उपटला नाही. हैबतीनं उगवतीकडं माणसं धाडली, ती विचारत विचारत लांब गेली आणि तशीच परत आली. मग त्यानं तिन्ही गावांकडून शब्द घेतला. पहिली बारी पारजाईची. आणि पाण्याचं ठरवताना कोणाच्या घरी सुतक असो, आजारपण असो, भांडण असो, त्याच्या अंगणात उभं राहून विचारायचं, आणि त्यानं हो-नाही म्हटल्यावरच बैठकीला बसायचं.

माळात मुरलेल्या या पाण्यानं खिरवडच्या विहिरी उन्हाळ्यात टिकतात, हे खरं आहे. तुमच्या आराखड्यात तेवढं लिहा. आम्ही सोडतो ते मात्र त्यासाठी नाही.

आजही पहिल्या पाण्याबरोबर आमच्यातला एक जण वरपासून चालत येतो. या शिवेवर उभा राहतो आणि हाक मारतो, "साळूबाई, पाणी आलं." मग जरा थांबतो. किती थांबायचं, हे हैबतीनं सांगून ठेवलेलं नाही. ज्याचं त्यानं बघायचं.